वॉशिंग मशीन घेताय? दुकानात जाण्याआधी नळाखाली बादली ठेवून बघा

सणासुदीचा सेल लागला की वॉशिंग मशीनच्या जाहिराती फोनवर धडकायला लागतात. कुणी एआय वॉश म्हणतं, कुणी वाफेनं जंतू मारण्याचं सांगतं, कुणी मोबाईलवरून मशीन चालवून दाखवतं. घरातली गरज मात्र साधी असते: कपडे स्वच्छ निघावेत, मशीन आठ-दहा वर्षं चालावं आणि बिघडलं तर गावातच दुरुस्त व्हावं.

बऱ्याच घरांत महागडं मशीन वर्षभरात कोपऱ्यात जातं आणि त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बसतो. दरवेळी चूक मशीनचीच असते असं नाही. नळाला दाब नसतो, पाणी बोअरचं असतं किंवा जवळचं सर्व्हिस सेंटर ऐंशी किलोमीटरवर असतं. म्हणून मशीन निवडण्याची सुरुवात ब्रँडपासून न करता घरापासून करावी.

तीन प्रकार, तीन स्वभाव

सेमी ऑटोमॅटिक: यात दोन टब असतात. एकात कपडे धुतले जातात, दुसऱ्यात पिळले जातात. पाणी सोडणं, काढणं आणि ओले कपडे ड्रायरमध्ये टाकणं हे सगळं हातानं करायचं. यातली यंत्रणा सर्वांत साधी: दोन मोटारी, बहुतेक मॉडेल्समध्ये चावीसारखे फिरणारे टायमर आणि पाणी सोडायचा नॉब. बादलीनं पाणी भरूनही चालतं. किंमत तिन्हींत सर्वांत कमी.

फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड: कपडे वरून टाकायचे, बटण दाबायचं, बाकीचं मशीन करतं. वाकावं लागत नाही, त्यामुळे कंबर-गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना सोयीचं. बहुतेक मॉडेल्समध्ये मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजाही टाकता येतो.

फ्रंट लोड: समोर काचेचा दरवाजा, आत आडवा ड्रम. कपडे वर उचलले जातात आणि पाण्यात आपटले जातात, थोडंफार धोबीघाटासारखंच. पाणी कमी लागतं, धुलाई चांगली होते, कपडे कमी झिजतात. मात्र किंमत जास्त, धुलाईचा वेळ जास्त आणि दुरुस्तीही महाग. अनेक मॉडेल्सचं वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जातं, कारण फिरताना स्थिर राहावं म्हणून आत जड वजनं बसवलेली असतात.

हे तिन्ही प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. १९८० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत वॉशिंग मशीन पोहोचवणाऱ्या कंपन्यांत औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉन होती. फ्रंट लोडसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयएफबीचा कारखाना गोव्यात वेर्णा इथे आहे.

पहिली परीक्षा पाण्याची

ऑटोमॅटिक मशीन स्वतः पाणी ओढत नाही. नळातून दाबानं येणारं पाणी ते फक्त झडप उघडून आत घेतं. म्हणूनच माहितीपुस्तिकेत किमान दाबाचा आकडा दिलेला असतो. अनेक मशीनांना ०.३ बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो.

हा आकडा घरात कसा ओळखायचा? पाण्याची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतलं पाणी नळापेक्षा किमान ३ मीटर वर हवं. तळमजल्यावर अडचण येत नाही. पण वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा बैठ्या घराच्या छपरावर ठेवलेल्या टाकीत हा दाब अनेकदा मिळत नाही.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. ज्या नळाला मशीन जोडायचं आहे त्याखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर पाणी येतंय, हे उत्तम. पाच मिनिटं लागली तर मिनिटाला ३ लिटरच येतंय. ५० लिटरचा टब भरायला मग सतरा मिनिटं लागतील. बऱ्याच मशीनांना ठरावीक वेळेत पाणी भरलं नाही तर ती एरर दाखवून थांबतात. मग तंत्रज्ञ येतो, 'पाण्याला प्रेशर नाही' म्हणतो आणि भेटीचे पैसे घेऊन जातो.

अशा घरात तीन पर्याय उरतात: टाकीची उंची वाढवणं, पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवणं किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल शोधणं. शेवटच्या पर्यायात दुकानदाराच्या शब्दावर न जाता पुस्तिकेतला आकडा स्वतः वाचावा.

जिथे पाणी दिवसातून तासभरच येतं, एक दिवसाआड येतं किंवा टँकरवर अवलंबून राहावं लागतं, तिथे सेमी ऑटोमॅटिकला आजही तोड नाही. पिंपातलं पाणी ओता आणि चालू करा. शिवाय पाणी पुन्हा वापरता येतं. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी धुवून निघतात.

दुसरी परीक्षा: पाणी जड आहे का?

विदर्भ-मराठवाड्यात आणि शहरांच्या नव्या वस्त्यांतही अनेक घरांत बोअरचं पाणी असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील तर त्याला जड पाणी म्हणतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

घरी अंदाज घ्यायचा तर पारदर्शक बाटलीत थोडं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा लहानसा तुकडा टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी हलकं. फेस कमी आणि वर पांढरट साय आली तर पाणी जड.

जड पाण्यानं कपडे कडक आणि मळकट दिसतात. क्षार सर्वांत जास्त साचतात ते तापणाऱ्या हीटरवर. म्हणून बोअरच्या पाण्यावर हीटरचं मशीन घेणार असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढायची पावडर वापरण्याची तयारी ठेवा. मशीनला येणाऱ्या पाण्यावर सॉफ्टनर लावता येतो, पण त्याचा खर्चही हिशोबात धरावा लागतो.

तिसरी परीक्षा: वीज आणि जागा

हीटर असलेलं मशीन सुमारे २००० वॅटपर्यंत वीज ओढतं. २३० व्होल्टवर हा प्रवाह ८ अँपिअरच्या पुढे जातो. त्यासाठी ६ अँपिअरचं साधं सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचा पॉइंट हवा. अर्थिंग तर प्रत्येक मशीनला हवंच. ओली जमीन, ओले हात आणि अर्थिंग नसलेला पॉइंट हे जिवावर बेतणारं समीकरण आहे. मशीन येण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर मशीन चालवू नका.

विजेच्या बिलात मोठा फरक पडतो तो पाणी तापवण्यानं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे ०.६ युनिट वीज लागते. रोजचे घामाचे कपडे साध्या पाण्यात निघतात. गरम पाणी चादरी, टॉवेल, बाळाचे लंगोट आणि आजाऱ्याचे कपडे यांच्यासाठी राखून ठेवावं.

ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१९ साली वॉशिंग मशीनसाठी स्टार लेबल आणलं. दोन सारख्या मशीनांची तुलना करायला ते उपयोगी पडतं. मात्र तुलना एकाच प्रकारातल्या आणि एकाच क्षमतेच्या मशीनांत करावी.

मशीन बाल्कनीत ठेवणार असाल तर पावसाची झड तिथवर येते का, ते बघा. कोकणात आणि समुद्राकाठी पत्रा लवकर गंजतो. उंदीर हा तर सगळीकडचा शत्रू. मशीनच्या तळाला जाळी नसेल तर ते आत शिरून वायरी कुरतडतात.

किती किलोचं घ्यावं?

क्षमतेचे किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. जीन्स साधारण ६००-७०० ग्रॅम, मोठा टॉवेल अर्धा किलो, शर्ट पाव किलो आणि डबल बेडची चादर पाऊण किलोच्या आसपास भरते. दोन-तीन दिवसांचे कपडे गाठोड्यात बांधून बॅगा मोजायच्या काट्याला लटकवले की खरी गरज कळते.

चार माणसांच्या घराला साधारण ७ किलोचं मशीन पुरतं. एकत्र कुटुंब असेल किंवा सोलापुरी चादरी आणि ब्लँकेट घरीच धुवायचे असतील तर ८-९ किलोचा विचार करावा. पूर्ण क्षमता बहुधा कॉटनच्या मुख्य प्रोग्रामसाठीच असते. क्विक वॉशमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी कपडे टाकायचे असतात. हे माहीत नसल्यानं अनेक जण मशीन ठासून भरतात आणि मग कपडे निघत नाहीत म्हणून कंपनीला बोल लावतात.

काय बिघडतं आणि कितीला पडतं?

सेमी ऑटोमॅटिकमध्ये टायमर, पट्टा, ड्रायरचा ब्रेक किंवा पाण्याचा पाइप जातो. गावातला कारागीरही हे बदलून देतो. टॉप लोडमध्ये पाणी आत घेणारी झडप, पाणी सोडणारी मोटार आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड हे नेहमीचे रुग्ण. फ्रंट लोडमध्ये दरवाजाचा रबर, पाण्याचा पंप, बेअरिंग आणि कार्ड. बेअरिंग बदलायला जवळजवळ अख्खं मशीन उघडावं लागतं.

इथेच वॉरंटी नीट वाचावी लागते. 'मोटारवर १० वर्षं वॉरंटी' हे वाक्य फक्त मोटारीपुरतं असतं. कार्ड, झडप, पंप आणि मजुरी त्यात येत नाही. संपूर्ण मशीनची वॉरंटी अनेकदा दोनच वर्षांची असते. म्हणून दुकानात तीन प्रश्न विचारा: या मॉडेलचं कार्ड वॉरंटीनंतर कितीला पडतं? कंपनीचा तंत्रज्ञ तालुक्याला येतो का? आणि येण्याचे किती पैसे घेतो? उत्तरं मिळाली नाहीत तर शेजारीपाजारी चौकशी करा. एखाद्या ब्रँडची सेवा पुण्यात चांगली आहे म्हणून ती परभणीतही तशीच असेल, असं नसतं.

कोणती सोय कामाची, कोणती दिखाव्याची?

पैसे मोजण्यासारख्या सोयी मोजक्याच आहेत. स्टीलचा ड्रम, वीज परत आल्यावर थांबल्या जागेपासून पुढे चालू होणं, चाइल्ड लॉक, सहज साफ होणारी कचऱ्याची जाळी आणि पावसाळ्यात कपडे लवकर वाळावेत म्हणून चांगला पिळण्याचा वेग. इन्व्हर्टर मोटार आवाज कमी करते आणि वीज वाचवते, पण व्होल्टेज वरखाली होत असेल तिथे कार्डाला जपावं लागतं.

वीस-पंचवीस प्रोग्राम, वायफाय आणि मोबाईल ॲप यांवाचून बहुतेक घरांचं काही अडत नाही. रोज वापरात दोन-तीनच प्रोग्राम येतात. बटणं मराठी-हिंदी वाचणाऱ्या आजीला किंवा कामाला येणाऱ्या मावशींनाही कळतील अशी असणं जास्त मोलाचं.

थोडक्यात निवड

* पाणी अनियमित, दाब कमी किंवा भाड्याच्या घरात वारंवार बदल: सेमी ऑटोमॅटिक.
* पाण्याला दाब आहे, वेळ कमी आहे, वाकणं जमत नाही: टॉप लोड.
* पाणी मोजून वापरायचं आहे, कपडे जपायचे आहेत, बजेट आहे आणि सर्व्हिस सेंटर जवळ आहे: फ्रंट लोड.

मशीन घरी आल्यावर

* फ्रंट लोडच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालू करू नका. नाहीतर ते थरथरत जागेवरून सरकतं.
* चारही पाय जमिनीवर नीट टेकलेत ना, ते बघा.
* ऑटोमॅटिकमध्ये मॅटिक पावडर किंवा लिक्विडच वापरा, तेही मापात. फेस जास्त म्हणजे धुलाई चांगली, हा गैरसमज आहे.
* पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी महिन्यातून एकदा धुवा. पावसाळ्यात गढूळ पाण्यानं ती लवकर तुंबते.
* धुणं झाल्यावर झाकण थोडा वेळ उघडं ठेवा, वास येत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र तिकडे लक्ष असू द्या.
* ड्रायर पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालू नका.

पावतीवर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा, कारण छापील पावतीची शाई उडते. तक्रारीसाठी कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर असू शकतात. पुस्तिकेवरचा किंवा मशीनवरच्या स्टिकरवरचाच नंबर वापरा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर त्यात सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती पाहता येते.