भिंतीवरचा घाट

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या बुलढाण्याकडे घरोघर भिंतींचा विषय निघतो. पूर्वी पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरे, आता रंगाचे डबे येतात. या हौशीचा इतिहास फार दूर शोधायला नको. आपल्या जिल्ह्यातून जाणारी अजिंठ्याची डोंगररांग धरून पश्चिमेस गेले, की वाघूर नदीच्या खोऱ्यात तो भेटतो.

अजिंठ्याचे विहार म्हणजे भिक्षूंची राहती घरेच. त्यांपैकी १६ क्रमांकाचा विहार वराहदेवाने कोरविला. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले शेजारचे वाशीम. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवडी, काजळी. निळा रंग तेवढा परदेशी दगडाचा. बाकीचे साहित्य कोणाही कुणब्याच्या अंगणात सापडावे असे!

पुढे चित्रे वाड्यांत आली. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात, चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालात ती आहेत. वाड्यांना चितारी मिळाले. साध्या घरांत बायकांनीच हात चालविला. नागपंचमीचा नाग, लग्नघराच्या दाराशी हत्ती आणि मोर. वारली सुवासिनी लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत आल्या. तीच चित्रकला कागदावर उतरविणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

आमच्या माजघरातही एक चित्र होते. गेरूचा डोंगर, त्यावरून नागमोडी वाट आणि वाटेवर बैलगाडी. आईचे माहेर घाटाखालचे, सासर घाटावरचे. लग्न होऊन ती ज्या वाटेने आली, ती तिने भिंतीवर काढली होती आणि दर दिवाळीला ती नव्याने गिरवी.

मी मास्तर झालो, चार पैसे आले. भिंतीला सिमेंट केले आणि तालुक्याहून पेंटर आणून देखावा काढविला. निळा समुद्र, नारळाची झाडे, शिडाची होडी. आमच्या घरात तोवर समुद्र कोणी पाहिला नव्हता! शेजारीपाजारी पाहून गेले, वाहवा झाली. आई बराच वेळ उभी राहिली. मग एवढेच म्हणाली, "गाडी कुठी गेली, बापू?"

वर्गात मुलांना मी अजिंठा शिकवितो. तिथली चित्रे जपली पाहिजेत, असे बजावतो. माझ्या घरातले मात्र मीच पुसले, हे त्यांना सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

यंदा ओसरीच्या एका भिंतीला मी रंगाचा डबा लागू दिला नाही. गेरू भिजत घातला आहे. आईचा हात आता कापतो, म्हणून ती सांगते आणि माझी लेक काढते. काल बैलाची शिंगे चुकली, तर आजीने दोनदा पुसायला लावली.