‘खोटा’ स्मृतिभ्रंश : एका शब्दाचा मागोवा

डॉक्टर विचारतात, “आजी, आज वार कोणता?” एक आजी खिडकीकडे बघत म्हणतात, “काय माहीत. असेल कुठलातरी.” दुसऱ्या आजी हसून म्हणतात, “मंगळवार. नाही, थांबा, काल बाजार होता ना, म्हणजे...” आणि मुलाकडे बघतात. उत्तर दोघींचंही हुकलं. घरी जाताना दोघींचीही मुलं एकच वाक्य बोलतात : वय झालं. पण या दोन चुका एका जातीच्या नाहीत. मनाची उदासी स्मृतीला कशी धरते, हे समजून घेताना वैद्यकाने शंभराहून अधिक वर्षांत बरीच वळणं घेतली. त्या वळणांचा माग एका शब्दावरून काढता येतो : ‘स्यूडोडिमेन्शिया’, म्हणजे खोटा स्मृतिभ्रंश.

मन आणि स्मृती यांची गाठ आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत उन्मादाची ओळख मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार अशा आठ गोष्टींच्या विभ्रमावरून दिली आहे. रोग वाढवणाऱ्या कारणांत तिथे विषादाला पहिला मान आहे. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र लोकव्यवहारात ‘साठी बुद्धी नाठी’ हीच म्हण राज्य करत राहिली. मला ही म्हण क्रूर वाटते. ती निकाल देते आणि विचारपूस संपवते.

युरोपात एकोणिसाव्या शतकात ‘डिमेन्शिया’ हा शब्द फार सैल होता. बुद्धी ढासळली की लावायचा, मग वय कोणतंही असो, कारण कोणतंही असो. १८८३ साली फ्रान्समधल्या अल्बेर मेरे यांनी ‘विषादजन्य स्मृतिभ्रंश’ या विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. खोल उदासीतून बुद्धीची पडझड होऊ शकते, हा त्याचा विषय. साधारण त्याच काळात जर्मन मेंदूवैद्य कार्ल व्हेर्निके यांच्याकडे ‘स्यूडोडिमेन्शिया’ या शब्दाचं पितृत्व दिलं जातं. पण मेरे यांचं पुस्तक विस्मृतीत गेलं. केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ आणि इतिहासकार हेरमान बेरियोस यांनी १९८५ मध्ये त्यावर लेख लिहून ते पुन्हा उजेडात आणलं.

मधल्या काळात सूक्ष्मदर्शकाने सगळं लक्ष वेधून घेतलं होतं. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. १९०६ मध्ये ती वारल्यावर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत गाठी आणि गुंते पाहिले, आणि १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी त्या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. स्मृतिनाशाला आता डोळ्यांनी पाहता येईल असं शरीर मिळालं. हे मोठंच काम झालं. उदासीला असं दाखवण्याजोगं काही नव्हतं, म्हणून ती मागे पडली.

म्हातारपणातले सगळे मनोविकार एकाच पोत्यात भरलेले होते. ते पोतं सोडलं मनोविकारतज्ज्ञ मार्टिन रॉथ यांनी. इंग्लंडमधल्या चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल रुग्णालयात साठीपुढच्या रुग्णांचं पुढे काय होतं, हे त्यांनी तपासलं आणि १९५५ साली ते प्रसिद्ध केलं. उदासीने आलेल्यांपैकी बरेच जण सहा महिन्यांत घरी गेले होते. खऱ्या जराजन्य स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण दोन वर्षांत मरण पावले होते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं भविष्य इतकं वेगळं होतं.

हा भेद तेव्हाच का महत्त्वाचा ठरला? कारण १९३८ मध्ये रोममध्ये विद्युत झटक्यांचे उपचार सुरू झाले होते आणि १९५७ मध्ये इमिप्रामीन हे उदासीवरचं औषध जाहीर झालं. आता चुकीच्या निदानाने बरा होऊ शकणारा माणूस उपचारावाचून पडून राहणार होता. १९६१ साली लेस्ली किलोह यांनी ‘स्यूडो-डिमेन्शिया’ या नावाचा लेख लिहिला तो याच तळमळीने. स्मृतिभ्रंशाचे म्हणून हात टेकलेले रुग्ण उपचारांनी सावरले, अशा हकिकती त्यात आहेत. हा शब्द फक्त वर्णनापुरता आहे, निदान म्हणून वापरू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. तो इशारा फार कमी जणांनी ऐकला.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स वेल्स यांनी फरक ओळखण्याच्या खुणा मांडल्या. सुरुवातीच्या दोन आजी त्या खुणांतल्याच आहेत. उदास माणूस विसरभोळेपणाची तक्रार स्वतः करतो, खालच्या सुरात ‘माहीत नाही’ म्हणतो, प्रयत्नच सोडून देतो. स्मृतिभ्रंशाचा माणूस तक्रार करत नाही, घरचे करतात. तो उत्तर देतो, जवळपासचं देतो, चूक झाकतो. या खुणा अचूक नाहीत, पण दवाखान्यात अजून उपयोगी पडतात.

इथे मराठी भाषा आपल्याला एक गोष्ट फुकट देते. आपण ‘लक्षात राहिलं नाही’ म्हणतो आणि ‘आठवत नाही’ असंही म्हणतो. पहिल्यात दोष लक्षाचा आहे. उदास मन आतल्याच एका गोष्टीभोवती फिरत असतं. सून म्हणाली, “गोळी जेवणानंतर घ्या,” ते कानावर पडलं, पण आत नीट नोंदलं गेलं नाही. जे नीट नोंदलं नाही ते सहज आठवणार कुठून? दुसऱ्यात आठवण वर ओढायला जोर लागतो आणि उदासीत तोच संपलेला असतो. म्हणून थोडा धागा दिला, ‘डबीतली पांढरी गोळी’ म्हटलं, की पुष्कळदा आठवतं. अल्झायमरमध्ये धागा देऊनही बहुधा काही हाती लागत नाही, कारण नोंदच उरलेली नसते. आणखी एक गोष्ट १९८६ साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी दाखवली. त्यांनी तपासलेले रुग्ण आत्महत्येचा प्रयत्न केलेले होते. आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग सांगा म्हटलं, तर ते ‘लहानपणी गावी जायचो’ एवढ्यावर थांबत. नेमका दिवस, नेमकी दुपार हाती येत नसे. आपल्या घरातली आजी एकेकाळी गोष्ट सांगताना ताटातले पदार्थसुद्धा सांगायची आणि आता ‘होतं सगळं’ म्हणून गप्प होते, तेव्हा मला हा शोध आठवतो.

पण ‘खोटा’ हा शब्द पुढे अंगावर उलटला. खोटा म्हणजे निर्धोक, असं डॉक्टर धरून चालले. हा शब्द सोडून द्यावा, असं बर्टन रीफ्लर यांनी १९८२ मध्येच सुचवलं. १९९३ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलोस यांनी या आक्षेपाला आकड्यांचा आधार दिला. उदासीसोबत स्मृतीही ढासळली आणि उपचारांनी सुधारली, अशा रुग्णांपैकी ४३ टक्क्यांना पुढच्या काही वर्षांत खरा, न परतणारा स्मृतिभ्रंश झाला. नुसती उदासी असलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील व्हाइटहॉल अभ्यासात अर्चना सिंग-मानू आणि सहकाऱ्यांनी १०,१८९ जणांचा २८ वर्षांचा माग तपासला. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांत उदासीची लक्षणं निदानाच्या सुमारे ११ वर्षं आधीपासून वेगळी दिसू लागली होती. म्हणजे म्हातारपणी पहिल्यांदाच आलेली उदासी कधी कधी येणाऱ्या आजाराची पहिली चाहूल असते.

आपल्याकडची परिस्थिती गोव्याने स्पष्ट दाखवली. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये तिथल्या लोकांशी बोलून लिहिलं, की उदासी आणि स्मृतिभ्रंश दोन्हींची वर्णनं लोक लगेच ओळखत, पण त्यांना आजार मानत नसत. मुलांनी हेळसांड केली, माया लावली नाही, हेच कारण सांगत. तिथेच पुढे साध्या प्रशिक्षित, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी साठीपुढच्या, थोडी उदास लक्षणं असलेल्या १८१ जणांपैकी साधारण निम्म्यांसोबत काम केलं. रोजच्या अडचणी सोडवण्याची रीत आणि झोप सुधारणं, एवढाच गाभा. वर्षभरात मोठं नैराश्य आलेल्यांचं प्रमाण या गटात ४.४ टक्के होतं, नेहमीची काळजी मिळालेल्यांत १४.४ टक्के. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के भारतीयांत नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केलेले मात्र साठीपुढच्या सगळ्यांत मिळून एक टक्काही नव्हते.

घरातल्या आजी-आजोबांना विसर पडू लागला असेल, तर डॉक्टरांना दोन तारखा सांगा : विसर कधीपासून, आणि देवपूजा, बाग, मालिका, फोनवरच्या गप्पा यांतलं मन कधीपासून उडालं. उदासीवर उपचार मागून घ्या. आणि मन सावरलं, हसू परत आलं, तरी सहा महिन्यांनी स्मृतीची तपासणी पुन्हा करून घ्या.