स्लॉपी जो

स्लॉपी जो : टोमॅटोच्या आंबटगोड रसात शिजवलेला गोमांसाचा खिमा मऊ गोल पावात भरून केलेले अमेरिकन सँडविच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः मध्यपश्चिमेकडील राज्यांत, कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ते घरोघरी केले जाते. शाळांच्या जेवणातही ते पिढ्यान्‌पिढ्या वाढले गेले आहे. ‘स्लॉपी’ म्हणजे गबाळा, सांडलवंड करणारा. ‘जो’ हे तिकडे कोणाही साध्या माणसाला चालणारे नाव. खिमा, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो केचप, वूस्टरशर सॉस, मोहरी आणि व्हिनेगर हे त्याचे नेहमीचे घटक. या पदार्थाची ओळख बहुधा दोन वाटांनी करून दिली जाते: एक नावाची कुळकथा, दुसरी डबाबंद सॉस. दोन्ही वाटा मुख्य गोष्टीला बगल देतात. स्लॉपी जो चांगला झाला की नाही हे खिमा किती लाल झाला आणि रस किती आळला यावर ठरते. ही दोन्ही कामे कढईत होतात आणि त्यांना लागणारा वेळ कोणताही डबा वाचवू शकत नाही.

कुळकथेचा निकाल आधी लावावा. सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा आयोवा राज्यातील सू सिटीची आहे: १९३० च्या सुमारास तिथल्या एका उपाहारगृहातील जो नावाच्या आचाऱ्याने सुट्या खिम्याच्या सँडविचमध्ये टोमॅटो सॉस घातला, असे म्हणतात. दुसरा दावा फ्लॉरिडातील की वेस्टचा. तिथे दारूबंदी उठली त्याच दिवशी, ५ डिसेंबर १९३३ रोजी, जो रसेल याने उघडलेला बार पुढे ‘स्लॉपी जोज’ झाला आणि लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे तिथला नेहमीचा गिऱ्हाईक होता. हे नाव त्याच्याही आधी क्यूबात हवाना येथे होसे आबेआल याच्या बारला लागले होते. पण बारचे नाव मिळाले म्हणजे पाककृतीचा जन्मदाखला मिळाला असे होत नाही. शिवाय १९४० च्या दशकात अमेरिकेतील मुली घालत त्या ढगळ स्वेटरलाही ‘स्लॉपी जो’ म्हणत, आणि न्यू जर्सीत आजही या नावाने मागितल्यास राय पावाच्या तीन चकत्यांमध्ये थंड मांस, कोबीची कोशिंबीर आणि रशियन ड्रेसिंग घातलेले, एक थेंबही न गळणारे सँडविच समोर येते. नाव हवेत होते आणि ज्याला हवे त्याने ते उचलले, एवढेच या पुराव्यावरून म्हणता येते.

पदार्थाचा वंश मात्र नावापेक्षा स्पष्ट दिसतो. आयोवातील मस्कटीन येथे फ्रेड एंजेल याने १९२६ मध्ये मेड-राइट या नावाने सुट्या खिम्याचे सँडविच विकायला सुरुवात केली. त्यात टोमॅटो नव्हता. मोकळा शिजवलेला खिमा, वर कांदा, मोहरी, लोणच्याची काकडी, आणि पावातून निसटलेला खिमा उचलायला सोबत चमचा. दुकानात हे निभते: खिमा दिवसभर गरम ठेवलेला असतो आणि गिऱ्हाईक समोर बसून लगेच खातो. घरी एक जण सहाला जेवतो, दुसरा साडेसातला. मुलांच्या हातात कोरडा खिमा टिकत नाही आणि अर्धा किलो मांसात पाच जणांचे भागवायचे असते. रसाने हे तिन्ही प्रश्न सुटतात. तो दाण्याला दाणा धरून ठेवतो, उशिरा येणाऱ्यासाठी खिमा ओला राखतो आणि कांदा-मिरचीसह थोडे मांस सर्वांना पुरवतो. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ पासून नोव्हेंबर १९४५ पर्यंत, अमेरिकेत मांसावर रेशन होते. मांस पुरवून वापरण्याची सवय त्या काळातल्या स्वयंपाकघरांना चांगलीच लागली. सुटा खिमा दुकानांत राहिला आणि रसातला खिमा घरात आला, तो असा गरजेपोटी.

आता कढईकडे वळू. अमेरिकेत ‘ग्राउंड बीफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिम्यात ३० टक्क्यांपेक्षा जास्त चरबी असू शकत नाही. या सँडविचला ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबीचा किंवा त्याहून थोडा कमी चरबीचा खिमा घेतात. या खिम्याचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते आणि सगळी गोम इथेच आहे. मांसाला लाल रंग आणि खमंग वास देणारी प्रक्रिया, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ मध्ये केले, ती १४० अंश सेल्सियसच्या आसपास जोर धरते. भांड्यात पाणी साचलेले असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून लहान भांड्यात ४५० ग्रॅम खिमा एकदम टाकून सतत ढवळत राहिले की पाणी सुटते, खिमा त्यातच उकडतो, राखाडी पडतो आणि वाफेचा उग्र वास धरतो. यावर उपाय एकच: रुंद, जाड बुडाची कढई चांगली तापवावी, खिमा थापून एकच पातळ थर करावा आणि चार-पाच मिनिटे त्याला हात लावू नये. खालची बाजू गडद तांबूस झाली की मग उलटून कालथ्याने मोडावा. सगळाच खिमा लाल करण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण तोवर दाणे चिवट होतात. एक बाजू खरपूस आणि दुसरी जेमतेम शिजलेली ठेवली तर वासही मिळतो आणि मऊपणाही राहतो. जास्तीची चरबी काढून एक-दोन चमचे ठेवावी आणि त्यातच बारीक चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि शेवटी लसूण परतावा. कांद्याला पाणी सुटते आणि त्याने बुडाला लागलेली खरवड सुटून येते. ही खरवड टाकली तर निम्मी चव टाकली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढा आंबटगोड सॉस पडल्यावर खालचा खिमा लाल आहे की राखाडी, कोणाला कळणार? उलट, सॉस गोड आहे म्हणूनच कळते. केचप म्हणजे टोमॅटो, साखर आणि व्हिनेगर. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर असते. अर्धा कप केचप घातले की चार सँडविचांत मिळून ३० ग्रॅमच्या वर साखर गेली. हा गोडवा तोलायला भाजलेल्या मांसाचा किंचित कडवट खमंगपणा लागतो. तो नसला की उरते ती गोड टोमॅटो चटणी, आणि स्लॉपी जो हे ‘लहान मुलांचे खाणे’ ठरते ते अशाच खिम्यामुळे. साखर कमी करायची तर निम्म्या केचपच्या जागी टोमॅटो पेस्ट घ्यावी आणि ती कांद्याबरोबर मिनिटभर परतून तिचा कच्चेपणा घालवावा. मग एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक चमचा मोहरीची पेस्ट, थोडे व्हिनेगर आणि अर्धा कप पाणी. वूस्टरशर सॉस १८३७ मध्ये इंग्लंडमधील वूस्टरच्या ली अँड पेरिन्स यांनी बाजारात आणला. त्यात खारवलेले अँकोव्ही मासे आहेत आणि आपली चिंचही आहे. मांसाची चव गडद करण्याचे काम हे मासे करतात, तर चिंच टोमॅटोच्या आंबटपणाला खोली देते.

पुढे झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटे मंद आचेवर. मराठी स्वयंपाकात ज्याला अंगाबरोबरचा रस म्हणतात, नेमका तोच इथे हवा. कालथा बुडावरून ओढला की मागे वाट उमटावी, क्षणभर टिकावी आणि मग सावकाश मिटावी. लगेच मिटली तर पावाचा लगदा होणार. मिटलीच नाही तर खिमा पुन्हा सुटा पडणार. काही घरांत घाईने कॉर्नफ्लोर किंवा मैदा लावतात. त्याने रस दिसायला दाट होतो, पण आटून आलेली चव येत नाही आणि गार झाल्यावर तो खळीसारखा लागतो. पाव मऊच हवा, पण त्याची आतली बाजू लोण्यावर कडक भाजलेली हवी. हा भाजलेला पापुद्रा रसाला काही मिनिटे अडवते.

दुसरा आणि वजनदार आक्षेप डब्याच्या बाजूने येतो. हंट्स कंपनीने १९६९ मध्ये मॅनविच नावाचा तयार सॉस आणला आणि अनेक अमेरिकन घरांत स्लॉपी जो म्हणजे मॅनविच असेच समीकरण झाले. दमून आलेल्या माणसाला डबा उघडण्यापलीकडे काही करायला सांगू नये, दर वेळी तीच चव मिळते आणि मुले कुरकुर करत नाहीत, असे त्याचे समर्थक म्हणतात. चव दर वेळी सारखी राहते, हे मान्य केले पाहिजे. घरात वूस्टरशर नसेल त्याला डबा सोयीचा, हेही खरे. पण वेळेचा हिशेब करून पाहावा. डब्यावरची कृतीसुद्धा ‘आधी खिमा परता’ इथूनच सुरू होते. खिमा लाल करायला आठ-दहा मिनिटे, कांदा परतायला चार-पाच, रस आळायला दहा-बारा: ही सुमारे पंचवीस मिनिटे दोन्हीकडे तीच. डबा वाचवतो ती पाच-सहा बाटल्या वाटीत ओतून ढवळण्याची दोन-तीन मिनिटे. त्या बदल्यात आंबट किती, गोड किती, हे ठरवण्याचा हक्क हातातून जातो. डबा घेऊन झटपट जेवण होते असे वाटत असेल, तर तिथे बहुधा कांदा गाळलेला असतो आणि खिमा उकडलेला असतो.

आरोग्याच्या बाजूने एक मुद्दा सहसा नजरेआड होतो आणि तो या पदार्थाच्या बाजूचा आहे. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत कमी शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूची साथ पसरली आणि चार मुले दगावली. त्यानंतर १९९४ मध्ये हा जंतू आढळलेला कच्चा खिमा सरकारने भेसळयुक्त ठरवला. खिमा ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवावा असा तिथल्या कृषिखात्याचा दंडक आहे. हॅम्बर्गरमध्ये हा आकडा गाठताना टिक्की कोरडी पडण्याची भीती असते. रसात दहा मिनिटे रटरटणारा खिमा तो सहज ओलांडतो आणि तरी ओलाच राहतो.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना मुंबईच्या इराणी हॉटेलातला खिमा-पाव आठवणे साहजिक आहे, आणि दोन्ही एकच, असे म्हणण्याचा मोहही. साम्य रचनेत आहे: खिमा, अंगाबरोबरचा रस, मऊ पाव. पण आपल्या खिम्यात कांदा आधी आणि मांस नंतर जाते. चव परतलेल्या वाटणातून आणि गरम मसाल्यातून येते आणि पाव बाजूला राहतो. स्लॉपी जोमध्ये मांस आधी, मसाला जवळजवळ नाही आणि रस बाटल्यांमधला. महाराष्ट्रात २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, म्हणून इथे हा पदार्थ करायचा तर म्हशीचा, बोकडाचा किंवा कोंबडीचा खिमा घ्यावा लागतो. म्हशीच्या खिम्यात चरबी कमी असते. कढईत आधी चमचाभर तेल घालावे, बाकी क्रम तोच.

उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकतो. पुन्हा गरम करताना दोन चमचे पाणी घालून रस सैल करावा. पाव मात्र दर वेळी ताजा भाजावा लागतो.