निनावी राक्षसाची कैफियत

भयकथा म्हणजे रिकामपणची करमणूक, शहाण्या माणसाने तिच्यात वेळ का दवडावा, असा एक समज रूढ आहे. ज्या जिज्ञासू वाचकास तो पारखून पाहावयाचा असेल, त्याने मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी प्रथम हाती घ्यावी. तिच्या जन्माचा इतिहासही उद्बोधक आहे.

१८१५ च्या एप्रिलात सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याने वर उधळलेल्या द्रव्यांमुळे सूर्याचा ताप उणावला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, गरिबांची अन्नान्नदशा झाली. त्याच पावसाळी जूनमध्ये जिनीव्हा सरोवराकाठी बायरनच्या बंगल्यात काही तरुण मंडळी कोंडून पडली होती. भुतांच्या गोष्टी वाचता वाचता, प्रत्येकाने स्वतःची एक लिहावी, अशी टूम बायरनने काढली. बायरन आणि शेली हे दोघे कवी. त्यांचे प्रयत्न अर्धवटच राहिले. तडीस नेली ती अठरा वर्षांच्या मेरीने. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली होती, आणि वर्षापूर्वी तिचे स्वतःचे तान्हे मूल दगावले होते. जन्म आणि मरण हे तिच्या लेखी केवळ कल्पनेचे विषय नव्हते.

१८१८ साली कादंबरी निघाली, तीही लेखिकेच्या नावावाचून. तीत एक शास्त्रज्ञ निर्जीव देहात प्राण ओततो आणि त्याचे रूप पाहताच पळ काढतो. त्या जीवाला तो साधे नावही देत नाही. झोपडीच्या फटीतून ऐकून तो जीव भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, मायेचा शब्द मागतो. मिळतात ते दगड. तेव्हा कुठे तो खुनी होतो. लोकांनी पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' हे निर्मात्याचे नाव त्या जीवालाच बहाल केले. चूक खरी, पण बापाचे नाव लेकाला मिळाले, इतका न्याय तीत झाला!

वाचावयाची ती शक्यतो १८१८ ची पहिली आवृत्ती. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत दैवाकडे अधिक बोट दाखविले आहे. पहिलीत दोषाचे ओझे माणसाच्याच खांद्यावर अधिक राहते. पुस्तक मिटल्यावर राक्षसाची भीती फारशी उरत नाही. आपण जे घडविले, त्याच्याकडे आपणच पाठ फिरविली नाही ना, ही रुखरुख मात्र उरते. करमणुकीच्या पुस्तकाने इतके केले, तर ती वेळ वाया गेली असे कोण म्हणेल?