फावल्या वेळातलं ‘डिलिशस’
न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन स्टॅन्लीत नोकरी करणारे जोशुआ शॅक्टर आवडलेल्या लिंक एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवत. प्रत्येक लिंकपुढे # चिन्ह आणि एखादा शब्द, म्हणजे पुढे हुडकायला सोपं. फाइल फुगत गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सांभाळून कोड लिहिला आणि २००३मध्ये लिंक साठवण्याचं ‘डिलिशस’ हे संकेतस्थळ सगळ्यांसाठी खुलं केलं.

खरी करामत त्या शब्दांची. ठरलेली वर्गवारी नाही. ज्याला जे सुचेल तो टॅग, आणि एकेका टॅगखाली अनोळखी माणसांच्या लिंक एकत्र. ग्रंथपालाविना उभी राहिलेली ही सूची आजही थक्क करते.

डिसेंबर २००५मध्ये याहूने ‘डिलिशस’ विकत घेतलं. पुढे मालक बदलत राहिले. अखेर २०१७मध्ये अवघ्या ३५ हजार डॉलरना ते ‘पिनबोर्ड’कडे गेलं, म्हणजे २००९मध्ये सुरू झालेल्या, एकहाती चालणाऱ्या स्पर्धकाकडेच.