तबकडीचा बाक

काही वर्षांपूर्वी, ऐन चैत्रात, आमच्या युनियनच्या कचेरीत पत्र्याची एक पेटी आली. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीतला साचेवाला वारला होता. त्याने हयातभर बोनसच्या पैशांतून तबकड्या जमविल्या होत्या. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, आमच्या खोलीत जागा नाही. तुमच्याकडे चार माणसं ऐकतील तरी." आम्ही पेटी ठेवून घेतली, पण ठेवली कोठे, तर पश्चिमेच्या भिंतीला लावून, वर पत्रा आणि तबकड्या एकावर एक आडव्या. मे महिना संपता संपता पेटी उघडली, तेव्हा वरच्या तबकडीला परातीसारखा बाक आलेला आणि तिच्याखालच्या दोहोंच्या काठाला लाट आलेली. दोष सर्वस्वी आमचा होता. परंतु तबकडी वाकते का, या प्रश्नाच्या मागे लागल्यावर जो इतिहास हाती आला, तो श्रोत्यांपुढे मांडावा असे वाटले. वसंत व्याख्यानमाला आणि तबकड्या वाकण्याचा मोसम एकच असल्यामुळे तो अस्थानीही होणार नाही.

एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट चकतीवर आवाज कोरण्याची युक्ती काढली. सुरुवातीच्या त्याच्या चकत्या कडक रबराच्या असत. त्या धड सपाट राहीनात, म्हणून १८९७ च्या सुमारास लाखेचे मिश्रण आले आणि पुढे पन्नास वर्षे जगभर तेच चालले. ही लाख म्हणजे आपल्या ओळखीचीच. पलाशावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर एक बारीकसा किडा राळ सोडतो, ती. बांगड्यांची, मोहोर उठविण्याची. जगाला लागणारी बहुतेक लाख छोटा नागपूर आणि भोवतालच्या प्रदेशातून जाई. आदिवासी कुटुंबे ती फांद्यांवरून खरवडून काढीत. मग कारखान्यात कापडाच्या लांब पिशवीत भरून ती विस्तवापुढे वितळवीत, आणि गरम लाखेचा गोळा एक कारागीर हातांनी, पायांनी आणि दातांनी धरून ताणीत असे, म्हणजे तिचा पातळ पडदा होई. दातांनी! संगीताच्या इतिहासात गवयांची नावे आहेत, यंत्र काढणाऱ्यांची आहेत. या ताणणाऱ्या माणसाचे नाव आम्हांला कोठे आढळले नाही.

तबकडीत लाखेचा वाटा थोडाच असे. बहुतेक वजन दगडाच्या पुडीचे, थोडी काजळी, थोडा कापसाचा कोंडा. लाख हे सर्व बांधून ठेवी. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गोहर जानचे गाणे मेणावर टिपले. ते मेण जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेले, तेथे तबकड्या दाबल्या गेल्या आणि त्या १९०३ मध्ये विकण्यासाठी इकडे परत आल्या. लाख येथली, गळा येथला आणि कारखाना तेथला, असा हा व्यवहार होता. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कोठे दाबण्याचे काम आपल्या मजुरांच्या हाती आले.

आता या दाबण्याच्या कामातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मऊ केलेला गोळा दोन तापलेल्या ठशांच्या मध्ये ठेवायचा, दाब द्यायचा, मग ठशांच्या मागून थंड पाणी खेळवायचे आणि चकती काढायची. उष्णतेने मऊ होते म्हणूनच त्या वस्तूत गाणे उमटते, आणि त्याच गुणामुळे ती वाकते. दुसरी गोष्ट घाईची. चकती पुरती निवण्यापूर्वी यंत्रातून ओढली, किंवा एक बाजू अगोदर आणि दुसरी मागाहून निवली, की बाक कारखान्यातच बसतो. पुढे व्हिनाइलची तबकडी अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार होऊ लागली. पण त्यानंतर ती सपाट धातूच्या पत्र्यांमध्ये कित्येक तास निवांत पडावी लागते. हा वेळ चोरला तर यंत्रापाशी चांगली दिसणारी चकती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन डुलू लागते. ज्यांनी गिरणीत साचे वाढवून घेण्याचे झगडे पाहिले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

व्हिनाइल आले ते युद्धामुळे. १९४२ साली अमेरिकेत लाख दुर्मिळ झाली, सरकारने तबकड्यांसाठी तिचा वापर एप्रिलमध्ये कडकपणे छाटला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिकडच्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रण बंद केले. तबकडी वाजते आणि वाजविणारा बेकार होतो, अशी त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. १९४३ मध्ये सैनिकांसाठी खास तबकड्या काढण्यास मात्र संघटनेने मोकळीक दिली. लाखेची तबकडी वाटेत फुटे, म्हणून यांतल्या पुष्कळशा व्हिनाइलच्या केल्या. अट अशी की त्या बाजारात येऊ नयेत. १९४९ साली ती योजना संपली आणि अटीप्रमाणे ठसे व तबकड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यात आल्या. आम्ही संघटनेची माणसे. संपाची बाजू आम्हांला पटते. पण वादकांच्या हक्कासाठी वादकांचेच वाजविणे मोडून टाकावे, हे काही केल्या गळी उतरत नाही.

१९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला सवातेहेतीस फेऱ्यांहून किंचित अधिक फिरणारी व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी पुढे आणली. ती फुटत नसे, हे खरे. परंतु जुन्या ग्रामोफोनचा जड डबा सुईवर दडपून बसे आणि लहानसहान बाक सहज पचवी. नवी सुई एक-दोन ग्रॅम भाराची, अत्यंत बारीक रेषेतून चालणारी. बाकावर ती कधी उडते, कधी रुतते, आणि दर एक पूर्णांक आठ दशांश सेकंदाला सूर हिंदोळा घेतो. त्यात १९७० नंतर काही कंपन्यांनी पातळ तबकड्या काढल्या, आणि १९७३ च्या तेलटंचाईने माल आणखी आखडला. तेव्हापासून 'वाकलेली रेकॉर्ड' ही घराघरांतली तक्रार झाली.

आता आमच्या पेटीकडे वळू. वरची, परातीसारखी झालेली तबकडी व्हिनाइलची, नाट्यगीतांची होती. आम्ही वर्तमानपत्राची घडी ठेवून तिच्यावर कोमट इस्त्री फिरविली. ती सपाट झाली. पण इस्त्रीची कड जेथे थांबली तेथे रेषाच बुजल्या. तीन बोटे रुंदीचा तो पट्टा आता नुसता सळसळतो. पुढच्या दोन लाखेच्या होत्या. त्यांतली एक जुन्या तसबिरींच्या दोन काचांमध्ये ठेवून सकाळच्या उन्हात धरली, मऊ झाल्याचे दिसताच काचांसकट सावलीत आणली आणि संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. तिची लाट बव्हंशी गेली. दुसरीच्या वेळी आम्ही मधेच काच उचलून पाहिली आणि ती तडकली. व्हिनाइलसाठीही जाणकार हाच मार्ग सांगतात: दोन स्वच्छ काचा, पन्नास-पंचावन्न अंशांची ऊब, पुष्कळ वेळ आणि त्याहून सावकाश निवणे. साठाच्या पलीकडे गेले की रेषा धोक्यात. नुसते वजन ठेवून थंडीत महिनोन्‌महिने वाट पाहिली तर विशेष काही होत नाही.

मोठी संग्रहालये तर दुर्मिळ तबकडी सरळ करण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. ती उभी ठेवतात, गार खोलीत, आणि बाकासकट कमी वेगाने वाजवून आवाज उतरवून घेतात. वेग मागाहून गणिताने दुरुस्त होतो. अमेरिकेतल्या बर्कली येथील प्रयोगशाळेत तर सुई न लावता रेषांची छायाचित्रे घेऊन आवाज वाचण्याचे यंत्र या शतकाच्या आरंभी तयार झाले. फुटलेल्या तबकडीचे तुकडे जुळवूनही ते ऐकवते. जुन्या अनेक तबकड्यांचे धातूचे मूळ ठसे भंगारात गेलेले आहेत. जे उरले ते अशा पेट्यांत, माळ्यांवर, कोणा साचेवाल्याच्या खोलीत.

ती तडकलेली तबकडी आम्ही टाकली नाही. दोन्ही तुकडे पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून आतल्या खोलीतल्या कपाटात उभे ठेवले आहेत. उरलेल्या पेटीतल्या सदतीस तबकड्या आता शेजारीच उभ्या आहेत. साचेवाल्याची बायको दिवाळीत आली होती. तिने काचांत सरळ केलेली लावायला सांगितली आणि शेवटपर्यंत बसून ऐकली.