लिव्हरला मारलेली टिचकी

मागच्या मासिक बैठकीत आमच्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय, तर फायब्रोस्कॅन. ताईंना साखर आहे. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितलेली. गल्लीत मात्र कुजबुज वेगळीच : लिव्हर बिघडलं म्हणजे बाई लपून पीत असणार. सांगताना ताईंचा गळा दाटून आला. शिवाय पोटात सुई घालतील ही धास्ती होतीच. म्हणून ही तपासणी आली कुठून, ते आम्ही शोधून काढलं.

आंबा पिकला का, कणीक मुरली का, हे आपण बोटाने दाबूनच ओळखतो. वैद्यही तेच करत आले. आयुर्वेदात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी रोग्याची परीक्षा सांगितली आहे. इजिप्तमध्ये सुमारे 3600 वर्षांपूर्वीची एक वैद्यकीय गुंडाळी सापडली. तिच्यात छातीवरच्या गाठी हाताला कच्च्या फळासारख्या टणक लागतात, असं वर्णन आहे. म्हणजे ही आपलीच आंब्याची परीक्षा!

पण लिव्हर बसलंय उजव्या बरगड्यांच्या आड. ते आतून हळूहळू घट्ट होत जातं आणि बराच काळ दुखतही नाही. बोटांना कळेपर्यंत फार उशीर होतो. मग सुई आली. 1883 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासला. 1958 मध्ये इटलीच्या मेंघिनी यांनी एका सेकंदात होणारी पद्धत सांगितली, तेव्हापासून ती जगभर रुळली. तरी सुई ती सुईच. रक्तस्रावाची थोडी भीती असते, काही तास पडून राहावं लागतं, आणि हाती येतो तो लिव्हरचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. भाताचं एक शीत बघून हंडीची परीक्षा होते खरी, पण लिव्हर सगळीकडे सारखं शिजलेलं नसतं.

1991 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी बोटाचं काम सोनोग्राफीला दिलं. अंग हलकेच दाबायचं, आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहायचं. मऊ भाग जास्त दबतो, टणक कमी. याला त्यांनी नाव दिलं एलास्टोग्राफी. 1995 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी हेच एमआरआयने करून दाखवलं.

आपल्या ताईंची तपासणी फ्रान्सची. लॉरां सांद्रां आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. सैल दोरीला टिचकी मारली तर लाट रमतगमत जाते, ताणलेल्या दोरीवर झरकन पळते. फायब्रोस्कॅनची दांडी बरगड्यांच्या मधल्या जागेत टेकवून हलका धक्का देतात आणि आत गेलेल्या लाटेचा वेग ध्वनिलहरींनी मोजतात. निरोगी लिव्हरमध्ये लाट सेकंदाला साधारण एक-दीड मीटर जाते. वेग दुप्पट झाला, तर घट्टपणा चौपट. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. पाचच्या आसपास असला तर बहुधा ठीक, बारा-तेराच्या वर गेला तर लिव्हर आक्रसल्याची, म्हणजे सिरोसिसची, शंका घेतात. आजारानुसार या सीमा बदलतात, म्हणून शेजारणीच्या आकड्याशी आपला ताडू नका.

तपासणीआधी किमान तीन तास उपाशी राहावं लागतं, कारण जेवल्यावर आकडा वाढतो. कावीळ चढलेली असेल तरीही तो फसवतो. पोटात पाणी झालं असेल तर ही पद्धत चालत नाही. आणि हे यंत्र घट्टपणा सांगतं, त्याचं कारण नाही. दारू, काविळीचे बी आणि सी विषाणू, साखर-वजनामुळे साठलेली चरबी, यातलं काहीही असू शकतं.

ताई जाऊन आल्या. "कुणीतरी बरगडीवर टिचक्या मारतंय असं वाटलं, बस," म्हणाल्या. आकडा 6.1 आला. साखर आणि वजन आटोक्यात ठेवायला सांगितलंय. कर्जाच्या नोंदीत आम्ही नुसतं 'दवाखाना' लिहिणार होतो. ताईच म्हणाल्या, पूर्ण लिहा : फायब्रोस्कॅन, साखरेमुळे. वही दर बैठकीत मोठ्याने वाचली जाते, हे त्यांना ठाऊक होतं.